दोष आढळला नाही

पिस्तूल इटलीचं. पेटी अशी
की आमच्या थोरलीच्या लग्नात दागिन्यांनाही तशी नव्हती.
काळ्या स्पंजात एकेका भागाचा नेमका साचा,
बोटाएवढी तेलाची बाटली,
आणि बारा भाषांतलं माहितीपुस्तक.
मराठी नाही. कन्नडही नाही.
रेंजवरच्या शिवलिंग हुद्दारला म्हटलं,
बघ गा, जन्मभर पाट्यांवरनं भांडलो आपण,
इथं दोघांनाही पाट टाकलेला नाही.
तो म्हणाला, चहा सांग.

पिस्तूल अक्षता कडोलकरचं. वय एकोणीस.
बापाची कॅम्पात बेकरी,
दुसरी भट्टी घ्यायची होती, ती राहिली.

पाच गोळ्यांची फेरी.
पहिली, दुसरी, तिसरी जातात
रेशमातनं सुई जावी तशी.
चौथीला रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता
खिडकीतच उभी राहते,
निघतो निघतो म्हणत उंबऱ्यावर थांबलेल्या पाहुण्यासारखी.
अक्षता डावा हात वर करते.
नियमच तसा आहे, बोलायचं नाही, हात वर करायचा.
"अजून तसंच करूलालंय, काका."

मग पत्रं. तिनं इंग्रजीत लिहायची,
उत्तर आलं की मला मराठीत वाचून दाखवायचं.
खाली सही एकच: मार्ता, ग्राहक सेवा.
मार्ता म्हणाली, शस्त्र स्वच्छ ठेवा.
(पलटणीत बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं?)
गोळ्या बदला, म्हणाली. तीन कंपन्यांच्या आणल्या.
चौथी चौथीच राहिली.
मग एका सोमवारी, फार गोड शब्दांत:
नेमबाजाचं मनगट सैल पडत असावं.
हे अक्षतानं मला वाचून दाखवलंच नाही.
दोन दिवसांनी कळलं, बेकरीत ती
मैद्याची पोती एका हातानं ओढत होती.

शेवटी धाडलं परत. आधी कागद धाडले,
कलेक्टर कचेरी, कस्टम, पुन्हा कलेक्टर कचेरी,
तिथला कारकून विचारतो, खेळायचं आहे तर इतकं महाग कशाला?
आठ महिने.
त्यात बेंगळुरूची निवड चाचणी झाली,
ती क्लबच्या जुन्या पिस्तुलावर खेळली.
त्याची मूठ घामानं काळी पडलेली, नंबर पुसट,
बनवणारी कंपनी माझ्या भरतीआधी बुडालेली.
एकदाही अडलं नाही.
तक्रार कुणाकडं करायची हे त्यालाही ठाऊक नसावं.
अक्षता नववी आली. आठ घेणार होते.

पिस्तूल परत आलं तेव्हा
स्पंजात एक निळी टोपी, भेट म्हणून,
आणि चिठ्ठी: तपासणी केली. दोष आढळला नाही.

मला ऐकू येतो तो.
स्लाइड मागं जाते ती खणखणीत,
पुढं येताना मात्र केसभर रेंगाळते,
जिन्यात एक पायरी चुकल्यासारखी.
उद्यमबागेत माझा मेव्हणा ओमाण्णा लेथवर बसतो,
म्हणतो, दाजी, आण की, चहा पिऊन होईपर्यंत देतो.
पण पेटीच्या झाकणावर लिहिलंय,
उघडाल तर हमी संपेल.
माझी बोटं पेटीभोवती फिरतात
आणि खिशात परत जातात.

काल नवं पत्र आलं.
आमची सेवा कशी वाटली? एक ते पाच तारे द्या.
अक्षतानं एकावर बोट नेलं.
मी म्हटलं, थांब गे.
ती मार्ता असेल तुझ्याएवढीच कुणीतरी,
तिनं पिस्तूल हातात तरी धरलंय का कधी?
समोर एक यादी असेल, त्यातलं वाचत असेल बिचारी.
पाच दे.
तिनं माझ्याकडं पाहिलं, मग दिले.

आता खाली ती रिकामी चौकट आहे ना,
तिथं लिही. आणि मराठीतच लिही,
त्यांना काय वाचायचं ते वाचू देत:
चौथी गोळी अजून अडकते.